फुलीवर पाडलेलं भोक

औसेकर वांगं एक डोळा मिटून विकत घेतात.

र्युसेल्सहाइमच्या आमच्या सुपरमार्केटमध्ये शनिवारी सकाळी गेलात तर भाज्यांपाशी चौऱ्याहत्तर वर्षांचे एक उंच, किंचित पोक आलेले गृहस्थ हमखास दिसतील. वांगं डोळ्यांसमोर आडवं धरलेलं, डावा डोळा मिटलेला, श्वास रोखलेला. वांगं सावकाश फिरतं. मग मान नकारार्थी हलते. "रेषा तुटली." ते वांगं परत, दुसरं हातात. भरताचं एक वांगं घ्यायला त्यांना वीस मिनिटं लागतात. आताशा मागे ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या जर्मन आजीबाई त्यांनाच विचारतात, "हेर औसेकर, हे बरं आहे का हो?" ते 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाले की त्या वांगं टोपलीत टाकतात. आतून किडकं निघालं तरी तक्रार करत नाहीत.

मी एकदा म्हटलं, "काका, भाजायचंय ते. साल काढून फेकायचीय."

"म्हणून काय झालं? भाजेपर्यंत तर बघायचंय की!"

त्यांच्या दृष्टीनं जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत. ज्यांची रेषा एका दमात जाते त्या, आणि जिची मध्येच कुठेतरी तुटते ती उरलेली सगळी दुनिया. शेजाऱ्याचं कुंपण, छत्रीची मूठ, आमच्या मुलीनं पार्लरमधून कापून आणलेले केस, सगळ्यांवर त्यांनी निकाल दिलेला आहे. दिवाळीत माझ्या बायकोनं पुढे केलेली करंजी त्यांनी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "मेधा, ही पाण्यात सोडली तर सरळ जायची नाही. डावीकडं ओढेल." मेधानं पुढच्या वर्षी शंकरपाळे केले.

हे सगळं वेड एका होडीपायी. तिचं नाव प्रिसिला.

औसेकर मूळचे लातूरकडचे. त्यांच्या गावात उन्हाळ्यात आडात उतरून वाटीवाटीनं पाणी भरायचे. पोहता येत नाही. मी कारण विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "पोहायला पाणी लागतं, सुहास. आमच्याकडं प्यायला नव्हतं." जर्मनीत आखनला शिकायला आले आणि मग इथल्या मोटारींच्या कारखान्यात गाड्यांच्या बाह्यरेषा काढण्यात त्यांनी उभी हयात घालवली. कॉम्प्युटर येण्याआधी ती वळणं लांब लवचिक लाकडी पट्टीनं काढायचे. पट्टी वाकवायची, जागोजाग शिशाची वजनं ठेवायची आणि पट्टीला जे वळण आपसूक जमेल तेच खरं मानायचं. पट्टीचं दुसरं टोक धरायला शेजारच्या टेबलावरची रेनाटे असायची. पुढे तिच्याशीच लग्न केलं. रेनाटेकाकू मराठी बोलायच्या, तीही लातूरची. दारात गेलं की सोनेरी केसांची ही बाई म्हणायची, "या की! उभं कामून ऱ्हायलाव?"

नोकरी संपता संपता औसेकरांनी उत्तरेकडच्या एका बंदरात सडत पडलेली प्रिसिला घेतली, ट्रकवर घालून आणली आणि गावाबाहेर एका शेतकऱ्याचं धान्याचं कोठार भाड्यानं घेऊन त्यात उभी केली. समुद्र इथून पाचशे किलोमीटर. प्रिसिला दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कुठल्याशा इंग्रज खाडीत बांधलेली, तीस फुटी, शिडाची आणि पोटात लहानसं इंजिन असलेली. अशा होडीला इंग्रजीत ऑक्झिलरी यॉट म्हणतात. म्हणजे खरं काम शिडाचं. वारा पडला, खाडीत शिरायचं झालं, तर मदतीला इंजिन.

या 'मदतीला' शब्दावर औसेकर तास तास बोलू शकतात. मी आयुष्यभर त्याच कारखान्यात इंजिनं केली, त्यामुळे माझ्यासमोर तर फारच.

"इंजिन म्हणजे घरजावई," ते म्हणतात. "असावा. पण पाहुण्यांसमोर बोलू नये. त्या काळच्या इंग्रजांनी त्याला बरोबर जिन्याखाली बसवला. होडीच्या चित्रात सगळं काढतील, चहाची किटली कुठं टांगायची तेसुद्धा. इंजिन? बारीक तुटक रेघेत. लाज वाटायची त्यांना!"

"काका, त्याच लाजेपायी त्यांच्या होड्या धक्क्यावर आपटायच्या."

"आपटताना सुंदर दिसायच्या."

बरं, लाज नुसती लपवण्यावर थांबली नव्हती. होडी ढकलणारा इंजिनाचा पंखा होडीच्या मागच्या मधल्या खांबातून काढायचा तर खांब पोखरावा लागतो, सुकाणू कापावं लागतं. शिडाच्या होडीचा एवढा अपमान कोण करणार? म्हणून हे लोक पंख्याचा दांडा खांबाच्या एका बाजूनं, तिरका बाहेर काढायचे. त्यामुळे इंजिनावर चालताना होडी एका अंगाला ओढते. तो ओढा मोडायचा तर पंखा कुठल्या दिशेनं फिरतो ते पाहून बाजू निवडावी लागते. बरोबर निवडली तर दोन खोड्या एकमेकींना मारतात. चुकली तर दोघी एक होतात आणि होडी घाण्याच्या बैलासारखी गोल फिरते. प्रिसिलाचा पंखा डाव्या बाजूला हवा होता. हे एवढं लक्षात ठेवा. कारण आता मला जे सांगायचंय ते या डाव्या बाजूबद्दल आहे.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. न बोलणाऱ्यांना लोक सरळ समजतात, हा न बोलण्याचा मोठा फायदा. सहा वर्षं मी तो पुरेपूर घेतला.

रेनाटेकाकू गेल्या त्यानंतरचा उन्हाळा. त्या गेल्यापासून मी दर शनिवारी कोठारात मदतीला जाऊ लागलो होतो. त्यांची मुलगी हांबुर्गला, तिला यायला जमायचं नाही. त्या दिवशी नव्या इंजिनाच्या पंख्याच्या दांड्यासाठी भोक पाडायचं होतं. कित्येक वर्षांच्या कामातलं सर्वांत न पुसता येणारं काम. काकांनी आठवडाभर मोजून, पुन्हा मोजून, जागेवर खडूनं फुली काढली. मग म्हणाले, "हात थरथरतो माझा. ड्रिल तू धर. मी तोवर कॉफी आणतो." खरं कारण मला ठाऊक होतं. प्रिसिलाला भोक पडताना त्यांना बघवणार नव्हतं.

मेकॅनिक गाडीखाली शिरतो तसा मी मागच्या बाजूनं, पाठीवर झोपून, डोकं आधी घालून होडीखाली सरकलो. वर पाहिलं तर फुली माझ्या उजव्या हाताला. पंखा तर डावीकडे हवा! मनात पहिला विचार आला तो हा की, म्हातारा चुकला. बायको गेली, डोकं ठिकाणावर नाही, चुकणारच. मला त्यांची दया आली. त्या दयेच्या भरात मी बाहीनं त्यांची फुली पुसली, तेवढंच अंतर मोजून माझ्या डाव्या हाताला नवी फुली काढली आणि ड्रिल चालू केलं. जुनं ओक लाकूड. अर्धा तास लागला. भोक इतकं सुबक झालं की मला माझाच अभिमान वाटला.

बाहेर सरकलो, उभा राहिलो, कपडे झटकले, होडीकडे तोंड केलं, तर भोक होडीच्या उजव्या बाजूला. त्याआधी पंधरा-वीस वर्षं मी नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवत आलो होतो: गाडीखाली उलटे शिरलात की डावं-उजवं उलटतं. डावी बाजू गाडीची असते, तुमची नसते.

काका थर्मास घेऊन आले. खाली वाकले. भोक पाहिलं, भोकाभोवती उरलेले खडूच्या फुलीचे चार तुकडे पाहिले.

"फुली इथं होती?"

मी म्हणालो, "फुलीवरच पाडलंय, काका."

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी आयुष्यात इतकं खोटं कधी बोललो नाही.

ते उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसले. कॉफी ओतली नाही. म्हणाले, "थोरल्याचं असंच सुरू झालं होतं. डाव्या पायात उजवी चप्पल. आम्ही हसायचो." मग तीन वर्षांत त्यांचा हा थोरला भाऊ स्वतःच्या अंगणाचा रस्ता विसरला होता. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं असं. लाकडाचं बूच ठोकून देऊ." ते बूच आम्ही ठोकलं, भोक नव्यानं बरोबर बाजूला पाडलं, आणि काकांनी आपली मोजपट्टी माझ्या हातात दिली. "इथून पुढं मोजणं तुझ्याकडं."

सगळं जग मोजून घेणाऱ्या माणसानं त्या दिवसापासून काहीही मोजलं नाही.

उलट डोकं वाचवायच्या मागे लागले. रोज सकाळी भिजवलेले बदाम. दात डाव्या हातानं घासायचे, कारण त्यानं मेंदूची दुसरी बाजू जागी राहते असं कुठंतरी वाचलं. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसून पावकी, निमकी, दिडकी मोठ्यानं म्हणायचे. समोरचे जर्मन हळूच दुसऱ्या डब्यात जायचे. एकदा तिकीट तपासनीस आला तर त्याला हातानं थांबवून दिडकी शेवटापर्यंत नेली. तो बिचारा टोपी काढून उभा. त्याला वाटलं प्रार्थना चाललीय.

डॉक्टरकडेही गेले. मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी कागद दिला आणि म्हणाले, घड्याळ काढा, दहा वाजून दहा मिनिटांचं. ही विसरणाऱ्यांची साधी परीक्षा. औसेकरांनी घड्याळ समोरून काढलं, बाजूनं काढलं, वरून काढलं आणि मग मधोमध कापून आतली चाकं दाखवली. पाऊण तास लागला. डॉक्टर थक्क. "हेर औसेकर, तुम्हाला काहीही झालेलं नाही. माझ्या आयुष्यात असं घड्याळ कुणी काढलेलं नाही."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "ऐकलंस? त्याच्या आयुष्यात असं कुणी काढलं नाही. म्हणजे बघ मी किती पुढं गेलोय."

मी हसलो. घरी येऊन जेवलो नाही. पुण्याला गेलो की मी त्यांच्यासाठी उत्तम बदाम आणायचो, दरवेळी आधीपेक्षा जास्त. मेधा म्हणायची, "किती जीव आहे तुमचा काकांवर!" अपराधी माणसं बदाम आणतात, हे तिला कुठून ठाऊक असणार?

आणि एवढं करून हात तेवढेच अचूक. प्रिसिलाचं सागवान त्यांनी घासून आरशासारखं केलं. "सागवान ब्रह्मदेशातलं, म्हणजे शेजारचंच," म्हणून तिला अर्धी आपली मानायचे. ती पूर्ण होत आली तसे ते गप्प होत गेले. या वसंतात एके शनिवारी मी गेलो तर म्हणाले, "आल्झो, तर मी प्रिसिला देऊन टाकतोय. डार्मश्टाटकडचा एक दातांचा डॉक्टर आहे. त्याला बागेत ठेवायचीय. एक बाजू कापून तिथं बिअरचा काउंटर करणार."

"कापून?"

"मग काय करू? ज्याला डावं-उजवं कळत नाही त्यानं माणसं घेऊन पाण्यात जायचं? जमिनीवर असेल तर कुणी बुडणार तरी नाही. अकराला येतोय तो."

साडेदहा वाजले होते. मी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग प्रिसिलाकडे बघत, काकांकडे न बघता, सांगून टाकलं. फुली तुमची बरोबर होती. मी पुसली. दुसरी मी काढली. मग खोटं बोललो.

मला वाटलं होतं ओरडतील. पण इंजिनिअरला आधी शंका येते, राग नंतर.

"डोकं कुठल्या बाजूला होतं तुझं?"

"पुढच्या."

"दाखव."

"काका, आता..."

"दाखव की!"

चोपन्नाव्या वर्षी, इस्त्रीच्या पँटमध्ये, मी पुन्हा पाठीवर झोपून होडीखाली सरकलो. वरून आवाज आला, "डावा हात वर कर." केला. "हां. आता उजवा." केला. मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. मग एक बूट जमिनीवर आपटला.

"गाढवा! सहा वर्षं मी डाव्या हातानं दात घासतोय!"

"बाहेर येऊ का?"

"खबरदार! तिथंच पडून ऱ्हा. तोंड बघायची इच्छा नाही तुझं."

बूट गेले, आले, गेले. "बदाम!" असं एकदा ऐकू आलं. "लई आवडीनं आणायचास ना बदाम?" मग दारापाशी गाडी थांबली आणि चकचकीत तपकिरी बुटांची एक जोडी आत आली. दातांचे डॉक्टर. पुढचं सगळं मी खालूनच ऐकलं.

"सुप्रभात, हेर औसेकर. ट्रक कधी पाठवू?"

"पाठवू नका. प्रिसिला देणार नाही."

"अहो, पण का?"

"मला सगळं आठवतं."

"पण आपलं तर ठरलं होतं!"

"तेही आठवतं."

तपकिरी बूट जरा वेळ घुटमळले. त्यांची टोकं माझ्याकडे वळली. "खाली कुणी आहे का?"

"आहे. तो खालीच असतो," काका म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर माझा घोटा धरून त्यांनी मला बाहेर ओढलं. ओढण्यात जोर होता, पण डोकं लाकडाला लागू नये म्हणून दुसरा हात मध्ये घातलेला होता. मी उभा राहून माफी मागायला लागलो तर "जा, जा" म्हणाले. मराठीतलं 'निघ' की जर्मनमधलं 'हो, हो', समजलं नाही. मग खोक्यावर बसले, कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी वही काढली आणि तिची पानं फाडून कागदाच्या कचऱ्याच्या निळ्या डब्यात टाकायला लागले.

"काय आहे हे?"

"मला लिहिलेली पत्रं. उद्याच्या मला. मी कोण ते विसरलो तर उपयोगी पडतील म्हणून." फाडायच्या आधी ते प्रत्येक पान वाचत होते. "'साखर एक चमचा. आणखी मागितलीस तरी एकच.' फाड. 'गॅस बंद कर. केलास? परत बघ.' फाड." चिकटपट्टी लावलेलं एक पान मात्र त्यांनी कचऱ्याच्या वेगळ्या पिशवीत टाकलं. माणूस रागात असला तरी जर्मनीत कचरा वेगळाच करतो.

पुढचं पान त्यांनी माझ्याकडे दिलं. सुवाच्य, मोजूनमापून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं:

सुहास. चष्मा. फार बोलत नाही. हा दारात आला की समज आज शनिवार आहे. हा सांगेल ते खरं मान.

काकांनी ते परत घेतलं, कानावरची पेन्सिल काढली आणि शेवटी एक ओळ घातली: मात्र याच्या हातात ड्रिल देऊ नये. मग पान पुन्हा माझ्या हातात. "ठेव तुझ्यापाशी. फ्रेम कर."

मी हसलो की काय झालं ते मला सांगता येणार नाही. डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा वही जवळजवळ संपली होती. शेवटचं एक पान उरलं होतं. ते त्यांनी वाचलं नाही, नुसतं उघडं धरलं. मला दिसलं.

रेनाटे. ही गेली आहे. घरात शोधू नकोस.

मी निळा डबा जरा पुढे सरकवला. आता या पानाचीही गरज नव्हती. डोकं शाबूत असल्याचं आत्ताच तर सिद्ध झालं होतं.

काकांनी वही मिटली, कोटाच्या आतल्या खिशात परत ठेवली आणि वरून बटण लावलं.

"हे राहू दे," ते म्हणाले. "हे मी अजून विसरतो."